ब्रेकमधला ट्यूबचा तुकडा

शिकलेल्या माणसाला मोजता येतं, याबद्दल मला कधी शंका नव्हती. काय मोजायचं तेही त्याला कळतं, ही समजूत मात्र तारापूरच्या एका कारखान्यात कायमची मोडली.

कुंभवलीत माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. उमरोळीहून सायकलवर येऊन, दुसऱ्याच्या दुकानात जळक्या मोटरींमधली तार उपसत मी हे काम शिकलो. भाव ठरवताना मी कुणाला ऐकत नाही. पण कामात तार कमी घातली असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. त्या कारखान्यातल्या मेंटेनन्सच्या साहेबाने नेमकं तेच म्हटलं, आणि तेही गेटवर, वॉचमनसमोर.

पिंपं उचलणाऱ्या त्यांच्या होइस्टच्या ब्रेकची कॉइल मी भरून दिली होती. काम साधं. वीज आली की कॉइल लोखंडी दांडा आत ओढते आणि ब्रेक सुटतो. ती कॉइल आठवड्यात जळली. दुसरी दिली, तीही जळली. तिसरी घेऊन गेलो तेव्हा साहेबाने गेटवरच तिला मीटर लावला.

"चाळीस ओहम. दोनशे तीस भागिले चाळीस, म्हणजे पावणेसहा अँपिअर. जळेल नाहीतर काय? तार खाल्लीस तू, मिस्त्री."

"साहेब, वेढे मोजून घातलेत. जुनीत होते तेवढेच हायत."

"आकडा खोटं बोलतो का?"

"आकडा नाय बोलत. वाचणारा बोलतो."

कारखान्यात शिरायचा माझा पास तिथल्या तिथे रद्द झाला. तारापुरात एका गेटवर चोर ठरलेला माणूस संध्याकाळपर्यंत दहा गेटांवर चोर ठरतो. माझं सगळं दुकान त्या गेटांवर चालतं.

साहेब काय विसरला होता ते मला ठाऊक होतं, फक्त त्याचं नाव ठाऊक नव्हतं. कॉइल लोखंडाशिवाय नुसती लाइनला जोडा, थोड्या वेळात धूर निघतो. तीच कॉइल लोखंडावर बसवा, दिवसभर चालते. तार तीच, ओहम तेच. लाइनची वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढेमागे होते आणि लोखंड धरलेली कॉइल तिच्या प्रत्येक पलटीला आडवी येते. मीटरच्या आत बॅटरी. तिची वीज एकाच दिशेने जाते, म्हणून तिला फक्त तांब्याचा विरोध दिसतो. ही दुसरी, मोठी अडवणूक दिसतच नाही. म्हणजे माझ्या कॉइल जळत होत्या त्या एकाच कारणाने: दांडा पूर्ण आत बसत नव्हता. पण हे गेटाबाहेरून सांगणार कुणाला?

साहेबाने मनोरच्या वाइंडरकडून कॉइल भरून आणली. ती चार दिवसांत गेली. मग मला फोन आला. मी म्हटलं, आधी पास, मग पाय. एका दिवसाचा पास मिळाला.

होइस्ट साहेबाच्या काचेच्या केबिनला लागूनच. ब्रेकचं झाकण काढलं, तर दांडा जिथे टेकतो तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलेला.

"ये किसने डाला?" मी ऑपरेटरला विचारलं.

"साहब ने बोला था, चाचा. घूं-घूं करता था ना, केबिन में फोन पे बात नहीं होती थी."

मी साहेबाला बाहेर बोलावलं. माझी कॉइल बसवून वायरभोवती क्लॅम्प मीटर धरला. ट्यूब असताना दोन अँपिअरच्या वर. ट्यूब काढली, दांडा खटकन बसला, आणि काटा अर्ध्या अँपिअरच्या जरासा पुढे. घूं-घूं तर गंजाची होती. पॉलिश पेपर मारला, दोन मिनिटांत गेली.

"हां हां, इम्पिडन्स," साहेब म्हणाला. "सेकंड इयरला होतं आम्हाला."

"मग गेटवर आलात तवा कुठं ठेवून आलात?"

ऑपरेटर पाठ फिरवून हसला. मी कॉइल उतरवून पिशवीत घातली.

रजिस्टरमध्ये आधी 'वाइंडिंग निकृष्ट' असं लिहिलेलं होतं. मी म्हटलं, ते खोडा, तिथे ट्यूब लिहा, आणि वॉचमनसमोर येऊन सांगा. तवर कॉइल पिशवीतच.

"मिस्त्री, ट्यूब लिहिलं तर माझ्यावर येईल रे."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा आवाज खाली आला. त्याने जुनी ओळ खोडली आणि लिहिलं, 'यांत्रिक अडथळा'. गेटवर आला आणि वॉचमनला म्हणाला, "याचा पास चालू कर." बस, एवढंच. चोर नाही, हे शब्द काही तोंडातून निघाले नाहीत. होइस्ट बंद होता, मी ताणून धरायला हवं होतं. पण बाकीची गेटं माझ्याकडे बघत होती. मी कॉइल दिली. इतक्या स्वस्तात मी आजवर काही सोडलेलं नाही.

शेजारच्या कारखान्यांत अजून कुणीतरी विचारतं, "ते तार खाल्ल्याचं काय झालं होतं हो?" मग मला गेटवर उभ्याउभ्या इम्पिडन्स समजावून सांगावा लागतो. वॉचमन लोकांना तो पहिल्या खेपेलाच कळतो.