शेवंतामायचं लुगडं

सांगू की नको, सांगू की नको, असं करता करता माझे केस पिकले. बायकोला सांगितलं नाही, पोराला नाही. बासरला गोदावरीत बुडी मारून देवीपुढं उभा राहिलो, तेव्हासुद्धा मूळ गोष्ट गिळली आणि भलतंच काहीतरी मागून परत आलो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर हे माझ्या तोंडून निघत नाही — निघालंच नाही कधी.

मी गिरणीवाला. पिठाच्या गिरणीचा बापू. आदिलाबाद जिल्ह्यात, बोथकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची वस्ती. आम्ही सगळे पैनगंगेच्या पलीकडून आलेलो. इकडं काळी जमीन स्वस्तात मिळते असं ऐकून आमचे बाप बैलगाड्यांत भांडीकुंडी घालून नदी उतरले. शेजारचं जुनं गाव तेलुगू. त्यांच्या लेखी आम्ही महाराष्ट्रवाले. आणि नदीपलीकडच्या आमच्या सोयऱ्यांच्या लेखी आम्ही मोगलाईतले. लग्नात जेवायला बसलो की तिकडचे लोक आमच्या मराठीला हसायचे. इकडं कचेरीत गेलो की कारकून आमच्या तेलुगूला हसायचा. हसणं काही चुकलं नाही.

गिरणीवर सगळी वस्ती येते. कोणाच्या घरी पाहुणे आलेत, कोणाची ज्वारी संपत आली, कोणाची सून रुसून माहेरी गेली, हे मला पीठ दळता दळता कळायचं. म्हणून पक्षाच्या लोकांना वाटलं, याला मतंही कळत असतील. आणि मी — मी त्यांना तसं वाटू दिलं. का नाही देणार? तालुक्याचा पुढारी जीपमधून उतरून माझ्या पिठाळलेल्या स्टुलावर बसायचा. आम्ही त्याला साहेब म्हणायचो. मी खांद्यावरचा गमछा काढून स्टूल झटकायचो. त्याच्याच शब्दावर माझ्या गिरणीला विजेची लाईन मिळाली, डिझेलच्या इंजिनाची कटकट मिटली. साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, ‘‘बापूराव, वस्ती तुमच्या मुठीत.’’ मला जन्मात कोणी बापूराव म्हटलं नव्हतं.

तालुके फोडून सरकारनं छोटी मंडळं नवीनच केली होती, त्यांच्या निवडणुका लागल्या होत्या. साहेबांच्या पक्षानं मराठी बोलणारा उमेदवार दिला. हिशेब सोपा होता — मराठी माणूस मराठी माणसालाच देणार, दुसरं काय? नांदेडकडून एक भाषण करणारा आणला. त्यानं मायबोली, मायबोली करून गळा काढला, मराठी शाळा आणतो म्हणाला. आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, जेवले, ढेकर दिले. साहेब खूश. पण टाळ्या वाजवणं आणि शिक्का मारणं ही आमच्याकडं दोन वेगळी कामं होती. मराठी शाळेचं म्हणाल तर आमच्या लोकांना ती नकोच होती. पोरगं तेलुगू शिकलं नाही तर कचेरीत त्याला कोण विचारणार? हे मला माहीत होतं. दुसरंही माहीत होतं, ते असं.

आम्ही आलो त्या पहिल्याच वर्षी वस्तीत एक माणूस तापानं मेला. शेवंतामायचा नवरा. नदीला पूर, पलीकडं नेता येईना. जुन्या गावाच्या मसणवट्यात जागा द्यायला तिथले लोक तयार नव्हते. ज्याची त्याची जागा ठरलेली, परक्याला कशी देणार? प्रेत अंगणात पडून राहिलं. पुरुष नुसते बिड्या ओढत बसले. माझा बापही त्यांच्यातच होता. तेव्हा शेवंतामाय उठली, जुन्या गावात लिंगन्नाच्या दारात गेली आणि उभी राहिली. तिला तेलुगू येत नव्हतं. लिंगन्ना मोठा शेतकरी, तुटकं मराठी समजायचा. त्यानं ओढ्याकडचा आपल्या शेताचा कोपरा दाखवला आणि म्हणाला, इथं न्या मातीला. यालाच नाही, तुमच्या सगळ्यांना.

तेव्हापासून आमच्यात एक रीत पडली. निवडणूक आली की वस्तीतली शहाणी माणसं नारळ घेऊन लिंगन्नाच्या घरी जायची आणि विचारायची, या खेपेला कोणीकडं? तो आधी हो-नाही करायचा. मग सांगायचा. त्यानं एकदाही स्वतःहून मत मागितलं नाही, पण सगळी वस्ती त्याच्याच बाजूला शिक्का मारून यायची. ज्यानं मातीला जागा दिली त्याला मताला नाही कसं म्हणायचं? हा आमचा पक्ष. हीच आमची मायबोली. हे साहेबांच्या डोक्यात कधी आलं नाही. येईल कसं? मी सांगायला हवं होतं. मी काय सांगितलं? ‘‘मतं आपलीच आहेत साहेब, बिनघोर राहा.’’

आता पुढचं.  

पेटी फुटली. वस्तीची मतं लिंगन्नाच्या बाजूला गेली, नेहमीसारखी. मराठी उमेदवार पडला. साहेब जीप घेऊन थेट गिरणीवर आले. या वेळी स्टुलावर बसले नाहीत. उभ्या उभ्या विचारलं, मतं कोणी फिरवली? बापूराव नाही, बापूही नाही — नुसतं, कोणी फिरवली, सांग.

फिरवली कोणीच नव्हती. ती जिथली तिथं होती. पण हे सांगायचं म्हणजे, मी तुमच्याशी खोटं बोललो, हेही सांगावं लागणार. आणि मग लाईन? आणि स्टूल? मी रस्त्याकडं पाहिलं. शेवंतामाय चालली होती. अंगावर नवं लुगडं, तपकिरी, बारीक काठाचं. तीच का दिसावी त्या घडीला? दुसरं कोणी दिसलं असतं तर मी त्याचं नाव घेतलं असतं का? नसतं घेतलं. दुसऱ्यांच्या मागं दीर होते, पोरं होती, काठ्या होत्या. हिच्या मागं कोणी नव्हतं. वस्तीतल्या सगळ्या बाळंतपणांना धावणारी एकटी सुईण, बायका तिच्या शब्दातल्या, एवढंच. मी म्हणालो, ‘‘बायका त्या बुढीच्या शब्दात आहेत साहेब. आन् तिच्या अंगावर लुगडं पाहा.’’

एवढंच म्हणालो. लिंगन्नाचं नावसुद्धा घेतलं नाही. ते साहेबांनी घेतलं; तो दुसऱ्या पक्षाकडचा, एवढं त्यांना ठाऊक होतं.

ते लुगडं माझ्या घरचं होतं.

आदिलाबादच्या बाजारातून मीच आणलं होतं. विधवा बाईला चालेल असा रंग पाहून, घासाघीस करून. माझा पोरगा पायाळू होता, सुमनची — माझ्या बायकोची — आशा सोडली होती आम्ही. शेवंतामायनं दोघांना वाचवलं. बाळंतपण करणाऱ्या बाईला लुगडं-चोळीचा मान द्यायचा, तो चारचौघांत बारशाला द्यायचा, अशी रीत. पण बारसं सुमनच्या माहेरी, नदीपलीकडं ठरलं. म्हणून जायच्या दिवशी सुमननं घरातच तिला लुगडं दिलं, पाया पडली आणि पोराला घेऊन गेली. पाहणारं कोणी नव्हतं. मी होतो.

साहेबांची माणसं बोथच्या चहाच्या टपऱ्यांवर बोलू लागली — महाराष्ट्रवाल्यांची अख्खी वस्ती एका लुगड्याला विकली गेली. मग ते बोलणं वस्तीत आलं. आणि वस्तीत आल्यावर त्याला पाय फुटले. परक्या माणसानं विधवेला लुगडं दिलं, का दिलं? कधीपासून देतो? जमीनसुद्धा तेव्हा उगाच दिली का? तुम्हाला कळतंय ना, बोलणं कुठं गेलं ते? लिंगन्ना म्हणाला, मी दिलं नाही. पण देणारा कधी दिलं म्हणतो का, असं लोक म्हणाले. आम्ही उपकारापोटी मत द्यायचं आणि हिनं त्याचं लुगडं घ्यायचं? ज्या बायकांची बाळंतपणं तिनं केली होती, त्या विहिरीवर तिला पाहून घागर उचलून निघू लागल्या.

मी हे सगळं ऐकत होतो. गिरणीवरच तर बोलायचे. माझं एक वाक्य पुरलं असतं. एक. कितीदा जिभेवर आलं असेल — अरे, ते लुगडं आमच्या घरचं आहे. मग वाटायचं, आज नको. साहेबांच्या कानावर जाईल. सुमन परत आली की आपोआप कळेल लोकांना. आपोआप. हा शब्द फार सोयीचा आहे.

मग ती आली. सकाळची वेळ, दुसऱ्या दिवशी बाजार, म्हणून गिरणीवर गर्दी होती. टोपलीत ज्वारी. तेच लुगडं नेसून आली होती. मुद्दाम नेसून आली असणार, लपवण्यासारखं काही नव्हतं तिच्याकडं. बायका बाजूला सरकल्या. मी दगड साफ करायला गिरणी बंद केली होती. सगळं शांत होतं. ती माझ्यापासून हाताच्या अंतरावर उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘बापू, तूच सांग रे बाबा या लोकाईले. हे लुगडं मले कोनं देल्लं?’’

रडत नव्हती. माझ्याकडं अगदी भरवशानं पाहत होती. माझ्या पोराचे पाय या जगात पहिल्यांदा तिच्या हातात आले होते. सगळे माझ्या तोंडाकडं पाहत होते. साहेबांचा एक माणूस पोतं टेकवून दाराशी उभा होता.

मी खटका दाबला.

गिरणी सुरू झाली. पट्टा फडफडला, दगड घरघरायला लागला. तिचे ओठ पुन्हा हलले. मी वाकून कोणाचं तरी धान्य वरच्या पेटीत ओतत राहिलो. खूप वेळ ओतत राहिलो. वर पाहिलं तेव्हा ती नव्हती. तिची ज्वारी तिथंच होती, दळायची राहिलेली. ती मी दळली का? हो. दळून ठेवली. न्यायला ती आली नाही. शेवटी ते पीठ मी गाईला घातलं.

कापूस वेचायच्या आधीच ती नदीपलीकडं भाच्याकडं निघून गेली. बैलगाडी नाही, काही नाही. डोक्यावर गाठोडं. नवऱ्याला दिलेली जागा ओढ्यावर, तिकडं आधी गेली म्हणे, मग रस्त्याला लागली.

सुमन आली तेव्हा सगळं कळून तिनं घरोघरी सांगितलं, लुगडं माझ्या हातचं आहे.  एक-दोघी बायका रडल्या. निरोप धाडला, पण शेवंतामाय आली नाही. सुमननं मला विचारलं, ‘‘तुमी काऊन नाई सांगतलं?’’ मी म्हणालो, मला कोणी विचारलंच नाही. आणि हे लोकांपुढं खपून गेलं, कारण गिरणीत विचारलं तेव्हा मी गप्प राहिलो, हे पाहणाऱ्यांनाही आठवायची लाज होती. त्यांनी तरी कुठं दुसऱ्यांदा विचारलं होतं? आम्ही सगळे एकमेकांना सांभाळून घेत राहिलो. लुगड्याचं नाव साहेबांच्या कानावर पहिल्यांदा कोणी घातलं, ते तर कोणालाच कळलं नाही. आज तुम्हाला कळलं.

पुढच्या निवडणुकीला नारळ घेऊन लिंगन्नाकडं जायला कोणाचं तोंड झालं नाही. त्यानंही कोणाची वाट पाहिली नाही. मग साहेबांची गाडी आली, दुसऱ्या पक्षाचीही आली. बाटल्या आल्या आणि लुगडी आली — हो, लुगडी. नाव तर आधीच झालंय, मग घ्यायला काय, असं लोक म्हणाले आणि घेतली. साहेब स्टुलावर बसून हसत म्हणाले, ‘‘पाहा बापूराव, तुमचे लोक असेच. आधी कळलं असतं तर भाषणवाला आणलाच नसता.’’ आमच्याबद्दल त्यांचा अंदाज आयुष्यात पहिल्यांदा बरोबर ठरला. तो मी बरोबर करून दिला होता.

नव्वद सालानंतर कधीतरी शेवंतामाय गेल्याचा सांगावा आला. सुमन म्हणाली, चला. मी म्हणालो, गिरणी कोण पाहील? ती एकटी गेली. मी दिवसभर दळत होतो. कोणाचं काय दळलं, आठवत नाही.

परत आली तेव्हा पाय धुवून ओट्यावर बसली. पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, ‘‘बुढी शेवटपर्यंत तुमचं नाव काढत होती म्हने. भाच्याच्या बायकोले सांगे, मी बापूले इचारलं होतं, पन गिरनी चालू होती, त्याले आयकू नाई गेलं. नाईतं त्यानं सांगतलंच असतं.’’

मी म्हणालो, ‘‘हो. आवाज लई असते.’’

सुमनला ते पटलं. अजूनही पटलेलंच आहे.