फुकटच्या पुस्तकाचा शेवट

एवेलिओ केसादा एकतीस वर्षं काबायग्वानच्या चिरूट कारखान्यात कामगारांना वाचून दाखवत होता. चिरूट वळणाऱ्यांच्या लांबलचक दालनात एका टोकाला तीन पायऱ्यांचा मंच, त्यावर त्याची खुर्ची. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. समोर ऐंशी माणसं मान खाली घालून तंबाखूची पानं वळायची. हात कामाचे, कान एवेलिओचे. कादंबरी कुठली लावायची ते हात वर करून ठरायचं, वाचकाच्या मनाचं तिथे काही चालत नसे. आवडलं की सगळे आपापली पान कापायची पाती फळीवर वाजवायचे. नाही आवडलं की ती जमिनीवर टाकायचे. साहेबापेक्षा एवेलिओला त्या दोन आवाजांचीच धास्ती जास्त.

नियम त्याचा एकच. छापलंय तेच वाचायचं, चुकीसकट वाचायचं. एकदा एका कादंबरीत सातव्या प्रकरणात मेलेला माणूस नवव्या प्रकरणात जेवायला बसला होता. एवेलिओने त्याला जेवू दिलं. दालन हसून हसून बेजार झालं, पण तो एक शब्द इकडचा तिकडे करायला तयार नव्हता.

मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. शस्त्रक्रियेची तारीख पुढे पुढे जात राहिली. जुन्या पुस्तकांचा कागद पिवळा, अक्षर मुंगीएवढं, आणि दुपारी दिवे जायचे ते वेगळंच. ओळ हरवून तो मध्येच थांबायला लागला, तेव्हा पहिल्या रांगेतली नेर्सा कोंपान्योनी म्हणाली, "मास्तर, भिंग घेऊन मुंग्या मोजताय की वाचताय? फोन घ्या एक. माझी भाची फोनवर एवढ्या मोठ्या अक्षरांत वाचते, समोरच्या घरातूनसुद्धा दिसतं."

म्हणून तो योएल्विसकडे गेला. योएल्विस बस थांब्यासमोरच्या खोलीत फोन दुरुस्त करायचा आणि जुने फोन विकायचाही. त्याने दोन फोन काढून समोर ठेवले.

"हा बघा, याचा कॅमेरा असा आहे की डासाच्या मिश्या दिसतील."

"मला डासांचे फोटो काढायचे नाहीत."

"मग हा घ्या. पडदा मोठा, बॅटरी रेड्यासारखी. कॅमेऱ्यात मात्र तुमची बायको आणि बायकोची आई सारखीच दिसेल."

"बायको नाही."

"मग तर काही अडचणच नाही!"

एवेलिओने तो रेडा घेतला. नंतर वाचायचं ॲप कुठलं टाकायचं याची चर्चा झाली. एक फुकट होतं, पण दर दहा पानांनी जाहिरात यायची. दुसरं फुकट आणि बिनजाहिरातीचं, पण त्याला सतत इंटरनेट लागायचं, आणि कारखान्यात इंटरनेट लहरीप्रमाणे यायचं. तिसऱ्याला इंटरनेट लागत नव्हतं, अक्षर हवं तेवढं मोठं होत होतं, मागचा रंग काळा करता येत होता. फक्त पुस्तकं आपली आपण भरायची.

"ती मी भरून देतो," योएल्विस म्हणाला. "चार हजार आहेत माझ्याकडे. एक पैसा नको."

"सगळी पुरी आहेत ना?"

"मास्तर, चार हजार पुस्तकं मी वाचत बसलो असतो तर फोन कुणी दुरुस्त केले असते?"

त्या फोनने एवेलिओचे दिवस पालटले. दिवे गेले, ध्वनिवर्धक बंद पडला, तरी पडदा उजेड देत राहायचा. तो आवाज चढवून वाचायचा आणि दालन अंधारातही वळत राहायचं. एक गोष्ट मात्र त्याने सोडून दिली आणि ती कुणाला सांगितली नाही. पूर्वी तो दुसऱ्या दिवशीचं प्रकरण घरी आधी वाचून ठेवायचा. आता घरी दिवे नसले की फोन भरायचा कसा, म्हणून बॅटरी राखायची, या सबबीखाली तो सरळ मंचावर जाऊन पान उघडू लागला. तीस वर्षांची सवय एका महिन्यात गेली, आणि गेली याचं त्याला काही वाटलंही नाही.

मार्चमध्ये मत पडलं ते मिठागरावरच्या दोन भावांच्या कादंबरीला. बापाच्या होडीवरून भाऊ भांडतात आणि एकोणीस वर्षं एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. दालनाला त्या गोष्टीने पार धरून ठेवलं. जेवताना लोक भावांची बाजू घेऊन भांडायचे. ओरेस्तेस नावाचा जाडजूड वळणारा म्हणायचा, "होडी धाकट्याचीच. थोरला नुसता मिठाचा खडा आहे, विरघळायचं नावच घेत नाही." नेर्सा काही बोलायची नाही. पण वाचन सुरू झालं की तिचे हात संथ व्हायचे, आणि दालनातले सगळ्यांत चपळ हात तिचेच होते.

एका गुरुवारी दुपारी धाकटा भाऊ आजारी, भिजलेला, थोरल्याच्या दारात आला. त्याने दार ठोठावलं. एवेलिओने अंगठ्याने पान उलटलं.

पडद्यावर दोन ओळी होत्या. नमुना इथे संपला. पुढे वाचण्यासाठी पुस्तक विकत घ्या.

त्याने पुन्हा उलटलं. पुढे काही नव्हतं. खाली ऐंशी माणसं थांबलेली, पानांची सळसळसुद्धा नाही. पुस्तक विकत घ्यायला लागतं ते परदेशी बँकेचं कार्ड त्याच्या सात पिढ्यांत कुणी पाहिलं नव्हतं. "इथे संपलं" एवढं म्हणायचं होतं, दोनच शब्द. पण जमिनीवर पडणाऱ्या पात्यांचा आवाज त्याच्या कानात आधीच वाजायला लागला. त्याने मान खाली घातली आणि त्या दोन ओळींकडे बघत तो वाचू लागला, म्हणजे बोलू लागला.

"थोरल्याने दार उघडलं. बराच वेळ तो बघत राहिला. मग म्हणाला, उभा काय राहिलास? आत ये, वारं सुटलंय."

पाती वाजली. अशी वाजली की छपरावरची कबुतरं उडाली.

त्यानंतर कामाचे चार दिवसही तो असाच वाचत राहिला. रोज थोडं. धाकट्याला त्याने बरं केलं, होडी दुरुस्त केली, थोरल्याला एकदा रडवलं. रोज मंचावरून उतरताना आज शेवटचं, असं तो स्वतःला बजावायचा. बुधवारी त्याने दोघांना पहाटे समुद्रावर धाडलं आणि कादंबरी संपली असं सांगून टाकलं. ओरेस्तेस ओरडला, "लग्न नाही कुणाचं? एवढं वाचून घेतलंत आणि जेवणावळ नाही?" सगळे हसले. एवेलिओही हसला. घरी गेल्यावर त्याने भाताचं ताट तसंच झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत नेर्सा त्याच्या बाकावर येऊन बसली.

"मास्तर, मी शनिवारी मोरोनला जातेय."

"कुणाकडे?"

"इदाल्मिसकडे. माझी बहीण." तिने हातातली भाकर तशीच ठेवली. "आई गेली तेव्हा ती मातीला आली नव्हती. मी म्हटलं, आता तू मला मेलीस. चौदा वर्षं झाली. तिचा नवरा एकदा आला होता बोलायला, त्याला पायरीवरूनच परत लावलं."

एवेलिओने कॉफीचा पेला उचलला.

"ती दार उघडेल, की नाही उघडणार, हाच विचार करत मी इतकी वर्षं घालवली. पण ज्यानं ते पुस्तक लिहिलं त्याला माणसं कळत होती. मिठागरातल्या बायकांच्या टाचांच्या भेगासुद्धा त्यानं बरोबर लिहिल्यात. माझी आजी मिठागरातलीच. जो टाचा बरोबर लिहितो तो दार चुकीचं लिहील होय?"

एवेलिओच्या हातातली कॉफी गार झाली. टाचा खऱ्या लेखकाच्या होत्या. दार त्याचं होतं.

"एक काम करा," नेर्साने आपला फोन पुढे केला. "ते पुस्तक माझ्या फोनवर घाला. बसमध्ये तेवढंच पान वाचत जाईन. धीर येईल."

"तुझ्या फोनला ते ॲप चालत नाही," एवेलिओ म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. "जुना आहे. जागा नाही त्यात."

"अगंबाई! मग ते वाक्य तरी लिहून द्या."

तिने चिरुटाच्या पेटीचा पुठ्ठा दिला. त्यावर त्याने लिहून दिलं: उभा काय राहिलास? आत ये, वारं सुटलंय. स्वतःच्या हाताने, स्वतःचंच वाक्य, दुसऱ्याचं म्हणून.

त्या संध्याकाळी त्याने मनाची समजूत घालायचा पुष्कळ प्रयत्न केला. जाऊ दे ना तिला, चांगलंच होईल. आणि बहिणीने दार तोंडावर आपटलं तर? म्हातारी होत चाललेली बाई, सगळ्या मोरोनसमोर उभी, हातात त्याचं खोटं वाक्य. बरं, सांगितलं तर ती जाणार नाही, आणि चौदाची वीस वर्षं होतील. ते पापही त्याचंच. कुठूनही गेलं तरी वाट त्याच्याच दारात येत होती.

शुक्रवारी सकाळी तिला एकटीला गाठून सांगायचं त्याने ठरवलं. तिने त्याला पिशवी उघडून दाखवली: पेरूच्या गोड वड्या, घरचं चीज, बहिणीला आवडायचं म्हणून. "जास्त तर नाही ना झालं?" तिने विचारलं. "नाही," तो म्हणाला, आणि मंचावर चढून गेला.

दुपारी नव्या कादंबरीसाठी मत घ्यायचं होतं. त्याने ध्वनिवर्धक सुरू केला आणि ओठ जवळ नेले.

"मत घेण्याआधी सांगायचंय. मिठागराचं पुस्तक माझ्याकडे अर्धंच होतं. फुकटचं होतं ते, नमुन्याचं. धाकट्यानं दार ठोठावलं, तिथे संपलं. पुढचं मी मनाचं सांगितलं."

आधी कुणाला कळलंच नाही. ओरेस्तेस म्हणाला, "म्हणजे? होडी दुरुस्त नाही झाली?"

"मला माहीत नाही."

"अहो, मग थोरला जिवंत आहे का नाही?"

"तेही माहीत नाही."

पहिलं पातं मागच्या रांगेतून पडलं. मग दुसरं. मग सगळीकडून. एकतीस वर्षांत त्याच्यासाठी इतकी कधी पडली नव्हती. तो उभा राहिला आणि ऐकत राहिला. ऐकायलाच हवं होतं.

नेर्साचं पातं पडलं नाही. आवाज थांबला तेव्हा ती जागेवरूनच बोलली, सावकाश, जणू बाजारात भाव विचारतेय.

"आणि माझ्या फोनला ते ॲप चालतं का?"

"चालतं," एवेलिओ म्हणाला.

तिने हातातलं पान ओल्या फडक्याखाली झाकलं, पिशवी उचलली आणि ती बाहेर पडली. कारखाना सुटायला अजून तास होता.

कामगारांच्या समितीने त्याच दिवशी ठरवलं की पुढचा निर्णय होईपर्यंत एवेलिओने फक्त वर्तमानपत्र वाचावं, तेही कागदाचं. शनिवार त्याने अंगणात बसून काढला. मोरोनची बस सहाला सुटते हे त्याला माहीत होतं. थांब्यावर जाऊन बघावं, असं दोनदा वाटलं. पण बघून करणार काय? गेली असेल तर अडवायचा हक्क नाही, नसेल गेली तर धाडायचाही नाही.

सोमवारी घंटेच्या आधी नेर्सा मंचापाशी आली. डोळे सुजलेले, पण आवाज धड.

"गेले होते मी."

एवेलिओ उभा राहिला.

"दार उघडलं. दुसऱ्याच बाईनं. इदाल्मिस दोन वर्षांपूर्वी उरुग्वायला गेली. घर विकून, नवऱ्याला घेऊन. जायच्या आधी काबायग्वानला येऊन गेली म्हणे, माझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत. पुढे आली नाही." तिने श्वास घेतला. "पेरूच्या वड्या मी त्या बाईलाच देऊन आले. परत कुठे वागवायच्या?"

"चूक माझी आहे, नेर्सा."

"तुमचीच आहे. मी काय नाही म्हणतेय? इतकी वर्षं तुमच्या तोंडून आलं ते छापलेलं, असं धरून चालले मी. आता तुम्ही हवामान वाचलंत तरी मी खिडकीबाहेर बघणार." ती थोडी थांबली. "समितीने मत घेतलं की माझा हात तुमच्या विरुद्ध वर जाणार आहे. आत्ताच सांगून ठेवते."

"जायलाच हवा."

मग तिने खिशातून चिठ्ठी काढली. तिच्यावर उरुग्वायचा लांबलचक नंबर होता. "त्या बाईनं दिलाय. लावला नाही अजून. तुम्ही तर पाच दिवस भावांना बोलतं केलंत. आता सांगा, इदाल्मिस काय म्हणेल?"

एवेलिओने तोंड उघडलं. वाक्यं होती. चांगली होती, त्याला ती स्पष्ट दिसत होती, आणि त्या क्षणी त्याला स्वतःची खरी भीती वाटली.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

नेर्साने मान हलवली. रागाने की कशाने, ते कळलं नाही. तेवढ्यात घंटा झाली. सगळे जागेवर बसले, ती मात्र फोन घेऊन मागच्या अंगणात गेली, जिथे इंटरनेट त्यातल्या त्यात बरं येतं.

एवेलिओने वर्तमानपत्र उघडलं. अक्षरं पुसट, ओळी एकमेकींत शिरलेल्या. भिंग धरून, बोट ठेवून तो एकेक शब्द वाचत गेला, छापलाय तसा. कुणी पातं वाजवलं नाही, कुणी टाकलंही नाही. उसाची बातमी झाली, बेसबॉलची झाली, शेवटी हवामानही झालं. अंगणाच्या दाराकडे बघायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. वर्तमानपत्राची घडी घालताना मात्र नजर गेलीच. नेर्साची जागा अजून रिकामी होती. पान ओल्या फडक्याखाली तसंच होतं. अंगणातून तिचा आवाज अधूनमधून येत होता, म्हणजे फोन पलीकडे कुणीतरी उचलला होता, एवढं नक्की. तिथे काय बोललं जातंय ते त्याला ऐकू येत नव्हतं, आणि ते त्याने ऐकायचंही नव्हतं.