वेशीबाहेर बसलेल्या नर्सबाई

सत्तावन्न सालचा आषाढ. पहिल्या सोमवारी बल्लारपूरकडून आलेल्या प्रवाशांबरोबर तापाची साथ अहेरीत उतरली. गुरुवारी लेखी वर्दी गेली. ती आठवडाभर मेजावर पडून राहू देण्यास जबाबदार : तेव्हाचे आरोग्य अधिकारी. त्यानंतर नद्या भरून भामरागडची वाट बंद झाली. तोवर औषधे न पाठविण्यास जबाबदार : तेच. पोळ्याच्या आदल्या दिवशी एका नर्सबाईंना नोकरीवरून काढण्यास जबाबदार : पुन्हा तेच.

वाचकहो, त्या बाईंना आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. कोणत्याही गावाच्या वेशीशी पोचल्या की त्या आधी बसत आणि हाक देत, "आली मी. या म्हनाल तं येईन."

त्या आषाढात, नद्या भरायच्या आत, त्या आपल्या पेटीतल्या गोळ्या घेऊन भामरागडपलीकडच्या एका गावी पायी पोचल्या. गावाने वाटेवर फांद्या टाकून गाव बांधले होते. साथीत तिकडे आतला बाहेर जात नाही आणि बाहेरचा आत येत नाही.

"नोको येऊ बाई," गावचा म्हातारा पुजारी म्हणाला. "दवाई दुरून फेक."

"फेकू काऊन भाऊ? पेज कोनी फेकून वाढते काय?"

म्हातारा हसला, पण फांद्या हलल्या नाहीत. बाई वेशीबाहेरच्या मोहाच्या झाडाखाली बारा दिवस राहिल्या. रोज सकाळी एकेका घराला हाक देत. ओ देणाऱ्याच्या आवाजावरून छाती भरली की नाही ते ओळखत. तापकऱ्यांना वेगळ्या झोपडीत ठेवायला लावले. गोळ्या फांद्यांपाशी ठेवल्या; त्या, उकळलेले पाणी, पेज कशी द्यायची ते फांद्यांअलीकडूनच सांगितले. एक म्हातारी दगावली. तेही त्यांनी अहवालात लिहिले, आणि शेवटी लिहिले : "गावात गेली नाही."

हुकूम घरोघर फिरण्याचा होता. एवढ्या एका वाक्यावर कर्तव्यच्युतीचा आरोप ठेवण्यात आला.

मी जन्मभर कोर्टाबाहेर अर्ज लिहिलेला माणूस. जबाब लिहून घ्यायला बाई माझ्याकडे आल्या. मी म्हणालो, "पटवाऱ्याच्या नकाशात तो मोह गावाच्याच हद्दीत आहे. 'मी गावात होते' असे लिहू. कायद्याने ते खोटे ठरत नाही."

"त्यायनं नोको म्हनलं म्हनून मी नाई गेली, भाऊ. आता कागदावरून शिरू काय?"

"नोकरी जाईल."

"जाईल तं जाईल. त्या लोकायले तोंड मले दाखवाचं हाय, तुमाले नाई."

मला राग आला. मग त्या म्हणाल्या तसाच जबाब लिहिला.

चौकशीत अधिकाऱ्यांची दैनंदिनी वाचण्यात आली. त्याच बारा दिवसांत आपण त्या गावी घरोघर फिरल्याची नोंद त्यांनी केली होती.

"साहेब," बाईंनी विचारले, "नदी तं भरून व्हती. डोंगा कोनाचा व्हता?"

चौकशी तिथेच आटोपण्यात आली. बाई माहेरी निघून गेल्या. पुढच्या पावसाळ्यात त्या गावाने पुन्हा फांद्या टाकल्या. मोहाखाली कोणी नव्हते.

मी त्या अधिकाऱ्यांना पत्रांवर पत्रे लिहिली. पोच आली, उत्तर आले नाही. म्हणून ही जाहीर मागणी. त्या अधिकाऱ्यांनी अहेरीच्या बाजारात, सर्वांसमक्ष, आपल्याला नदीपार नेणाऱ्या डोंगेवाल्याचे नाव सांगावे.