मास्तरांना न मिळणारे व्हिडिओ

मास्तरांची सून चॅट सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत होती. तिच्या कामाचं वर्णन ऐकून मास्तर म्हणाले होते, "म्हणजे लग्नं जमवायचंच काम की!" फारसं चुकलं नव्हतं. दोन कॉम्प्युटरांची थेट गाठ पडत नसली, की दोघंही प्रॉक्सी नावाच्या मधल्या मशीनकडे जातात. तिथे दोघांचा हँडशेक झाला, म्हणजे दोन्हीकडून होकार मिळाला, की एकाची फाइल दुसऱ्याकडे निघते. तो हँडशेक का फिसकटला, हे सून शोधून काढायची. जगाच्या गाठी मारून देणाऱ्या या बाईच्या घरात मात्र गाठ काही बसत नव्हती.

मास्तर म्हणजे निवृत्त शिंपी. जन्मभर लोकांचे कोट शिवलेले, हट्टी, नीटनेटके, आणि इतके आदबशीर की मीटर बघायला आलेल्या माणसालाही खुर्ची द्यायचे. मुलगा दूरच्या एका बंदरात नोकरीला होता. सुट्टीच्या दिवशी तो तिथला एखादा लांबलचक व्हिडिओ बापासाठी पाठवायचा आणि तो हमखास अडकायचा.

"बाबा, मी माझ्या मशीनवर घेते आणि तुम्हाला दाखवते," सून म्हणायची.

"माझ्या नावाचं पाकीट तू फोडणार? राहू दे."

खरं दुखणं वेगळंच होतं. एक दिवस ते बोलून गेले, "पोचलं नाही हे त्याला दिसतच असेल ना गं? एकदा तरी विचारलं त्यानं? आणि तू त्याला काही सांगायचं नाहीस. मागून घेतलेली चौकशी नको मला." त्यानंतर मास्तर कॉम्प्युटरवर कापड घालून ठेवू लागले. सुनेला नवऱ्याचा राग आला, पण न सांगण्याचा शब्द दिला होता, तेव्हा राग मशीनवर काढणं भाग होतं.

तिने ऑफिसातल्या मैत्रिणीला मास्तरांच्या मशीनवर फाइल पाठवायला सांगितली. सुनेने होकाराचं बटण दाबलं, फाइल सुरळीत आली. पुढच्या वेळी नवऱ्याच्या व्हिडिओची मात्र पुन्हा बोंब! प्रॉक्सीच्या नोंदी बघितल्या, तर पाठवणारा येऊन ताटकळला होता, घेणारा वेळेत आलाच नव्हता, आणि मशीनने कंटाळून लाइन तोडली होती. तिने प्रॉक्सी बदलला, राउटरला नाही नाही ते बोलली. फरक शून्य. शेवटी पुढच्या सुट्टीला ती चहाचा कप घेऊन मास्तरांच्या खुर्चीमागे गुपचूप उभी राहिली.

पडद्यावर प्रश्न उमटला: फाइल येत आहे, घ्यायची का? मास्तरांनी चष्मा पुसला. बटणाकडे ढुंकूनही न बघता ते एका बोटाने लिहू लागले, 'चि. यास आशीर्वाद. व्हिडिओ पाठवलास, फार आनंद झाला, आभारी आहे. जेवणाची आबाळ करू नकोस.' मजकूर दोनदा वाचला, एक स्वल्पविराम घातला, पाठवला. मग होकार दाबला. तोवर मशीनचा धीर केव्हाच सुटलेला!

"बाबा! आधी होकार दाबायचा!"

"असं कसं? कुणी काही देतंय, आणि आपण तोंडातून शब्द न काढता ओढून घ्यायचं?" मग त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे घोळ माझाच होता?"

"तुमचा कसला? ते मशीनच उतावीळ आहे. उद्या जाऊन त्याला जरा थांबायला शिकवते." एवढ्यात तिला भलतीच शंका आली. शब्दबिब्द गुंडाळून ठेवून तिने तिथल्या तिथे नवऱ्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "काय हो, बाबांना तुमचा एकही व्हिडिओ मिळालेला नाही. तुम्हाला पडद्यावर दिसत नव्हतं?"

"एकही नाही?" नवरा पलीकडून ओरडलाच. "अगं, दर वेळी दिसायचं की फाइल गेली नाही. पण बाबांचे आभार आलेले असायचे! म्हटलं, मशीन काहीही बरळतंय. बाबा मिळाल्याचं सांगतायत, मग मी कुणाचं खरं मानू?"

मास्तर उगाच कॉलर नीट करत बसले. इतके दिवस ज्या पोरावर ते मनातून रुसले होते, तो जगातल्या सगळ्या मशीन्स खोट्या ठरवून बापाच्या शब्दावर विसंबून होता. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

"पहिल्यापासून सगळे परत पाठव रे," ते फोनकडे वाकून म्हणाले. "आभार मानून झालेत. आता नुसतं बटण दाबतो."