गोदावरीबाईंचं पथ्य

गोदावरीबाईंनी सुनेवर कधी हात उगारला नाही, हे मी शपथेवर सांगते. आमच्या दोन घरांमध्ये एकच मातीची भिंत होती, तीही वरून उघडी. पलीकडे भांडं पडलं तरी इकडे कळायचं. तरीसुद्धा १९७९ च्या चैत्रात सगळ्या दिघोरीत बोललं जाऊ लागलं की गोदावरीबाई सुनेला मारतात.

आधी त्या कोण ते सांगते. नवरा तरुणपणीच गेला. तलावाखालच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, त्यांनी स्वतः कसली आणि एकुलत्या एक टेकचंदला मॅट्रिक केलं. तो जवाहरनगरच्या कारखान्यात लागला आणि शनिवारी घरी यायचा. रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या दिवसांत बायका मजूर मिळता मिळत नसत, पण गोदावरीबाईंच्या बांधीत आधी येत. त्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, उभ्या राहून हुकूम सोडत नसत. लुगडं खोचून सगळ्यांबरोबर चिखलात उतरत.

गावातल्या बाळंतिणीही त्यांच्याच हाताखालून जात. दाई नाळ कापून निघून जायची, पुढचं सगळं गोदावरीबाई पाहायच्या. शेक, धुरी, तेल, डिंकाचे लाडू आणि पथ्य. त्यांनी पाहिलेली बाळंतीण खाटेवरून उठली ती कामाला लागली, असा त्यांचा लौकिक होता. त्यांना त्याचा अभिमान होता, आणि तो त्या लपवतही नसत.

त्यांचा डावा कोपर सरळ होत नसे. सासूनं चुलीची फुंकणी मारली होती, तेव्हापासून. सून रुखमिणी माप ओलांडून घरात आली त्या दिवशी त्यांनी तिला तो कोपर दाखवला. म्हणाल्या, "या घरात मी लय मार खाल्ला. तो माह्यावरच संपला. तुले कोनी बोट लावनार नाही." रुखमिणीनं हे मला स्वतः सांगितलं होतं.

रुखमिणी बपेरा गावची. अंगानं किरकोळ, हसरी. गरोदरपणात तिला उलट्यांचा फार त्रास झाला, अन्न टिकत नव्हतं, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही तिला माहेरी धाडलं नाही. कार्तिकात मुलगी झाली ती अगदी मूठभर. थंडीत पोरीची छाती घरघरायची. गोदावरीबाई घाबरल्या. आईनं आंबट खाल्लं की ते दुधात उतरतं आणि लेकराची छाती भरते, असं त्यांच्या सासूनं सांगितलेलं, तिच्या सासूनं तिला. बाकीच्या बाळंतिणी सव्वा महिना पथ्य पाळत. रुखमिणीचं पथ्य पोरीची छाती मोकळी होईपर्यंत लांबलं. जुन्या तांदळाचा भात, तुरीचं वरण, लसूण, तूप, जवसाची चटणी. लिंबू, चिंच, आवळा, टमाटर, पेरू, पालेभाजी, सगळं बंद. तूप मात्र त्या स्वतः वाढायच्या, आपल्या ताटातलं काढून.

माघ संपेपर्यंत रुखमिणीचा चेहरा उतरला. पाय दुखायचे. दातून करताना हिरड्यांतून रक्त यायचं, ती म्हणायची काडी कडक आहे. मग पिंढऱ्यांवर निळे डाग दिसू लागले. लुगड्याखाली कोण बघणार.

चैत्रात बांगड्या भरणारी कासारीण आली. रुखमिणीचा हात दाबून तिनं हिरव्या बांगड्या चढवल्या. जवळच्या गल्लीत काम उरलं होतं म्हणून ती दुसऱ्या दिवशीही गावात होती. तिनं पाहिलं तर रुखमिणीचं मनगट पिकल्या जांभळासारखं झालेलं, आणि दंडावर जुने डाग.

"हे काय वं?"

"काही नाही, अशेच पडतात," रुखमिणी म्हणाली.

कासारीण बिचारी दुष्ट नव्हती, पण तिला दहा घरी जायचं होतं. तिनं तेवढ्या घरी सांगितलं.

दोन दिवसांनी गोदावरीबाई तलावावर धुणं घेऊन आल्या आणि बोलणाऱ्या बायका गप्प झाल्या. गोदावरीबाईंनी धुणं आटोपलं. घरी परतताना माझ्या दाराशी थांबल्या. "उषा, खरं सांग. बाया काय बोलून राहिल्या?"

मी सांगितलं. मला सहावा महिना होता आणि खोटं बोलायची ताकद नव्हती. त्यांनी धुण्याचं गाठोडं माझ्याच उंबऱ्यावर ठेवलं. तशाच घरात गेल्या आणि सुनेचे हातपाय उजेडात धरून पाहिले. भिंतीपलीकडून मला ऐकू आलं.

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुमी पोरीच्या काळजीत होत्या आत्याबाई. आनि एवढं दुखत नाही."

तुमसरच्या बाजारात कोणीतरी ही बातमी रुखमिणीच्या भावाच्या, धनीरामच्या कानावर घातली. तो तडक आला. त्यानं पाणीही घेतलं नाही. अंगणात उभा राहून बहिणीला म्हणाला, "सामान बांध. चाल."

"दादा, मले कोनी मारत नाही."

"मार खाल्लेली बाई असंच सांगते."

माणसं जमली. एरवी गोदावरीबाईंशी कोणी आवाज चढवून बोललं असतं तर त्यांनी त्याला फाटकाबाहेर काढलं असतं. त्या दिवशी त्या पायरी उतरून त्याच्यासमोर आल्या.

"ने बहिणीले, धनीराम. मी अडवत नाही. पन आधी भंडाऱ्याच्या डॉक्टरणीकडे चाल. मी मारलं असन तं ते सांगन. मंग या साऱ्याइच्या समोर मी तुह्या पाया पडीन."

"आनि नसन मारलं तं?"

"तं मले बी समजू दे, माह्या सुनेले झालं काय."

धनीराम विचारात पडला. मारणारी सासू डॉक्टरकडे चल म्हणत नाही, एवढं त्यालाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आम्ही निघालो. मलाही तपासून घ्यायचं होतं म्हणून मी सोबत होते. पोरगी गोदावरीबाईंच्या मांडीवर. धनीराम पुढच्या बाकावर पाठ करून बसला होता.

डॉक्टरीणबाई वयानं लहान पण शांत होत्या. त्यांनी आधी रुखमिणीला एकटीला पडद्याआड नेऊन विचारलं. मग तिच्या हिरड्या पाहिल्या, आणि आम्हा सगळ्यांना आत बोलावलं. रक्तदाब मोजायचा पट्टा तिच्या दंडाला बांधून हवा भरली आणि तसाच आवळून ठेवला. पाच मिनिटं त्या घड्याळ बघत राहिल्या. पट्टा सोडला तर कोपराच्या खालच्या बाजूला बारीक बारीक लाल ठिपके उठले होते, जणू कोणी कुंकू शिंपडलं.

"पाहा," डॉक्टरीणबाई धनीरामला म्हणाल्या, "तुमच्यासमोर उठले. कोणी मारलेलं नाही. हिच्या अंगातल्या बारीक रक्तवाहिन्या कमजोर झाल्या आहेत. नुसतं दाबलं तरी फुटतात."

धनीराम त्या ठिपक्यांकडे बघत राहिला. मग मान न वळवता म्हणाला, "मावशी, माफ करजा." कालपासून त्यानं त्यांना कुठल्याच नात्यानं हाक मारली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ही खाते काय?"

गोदावरीबाईंनी सगळं पथ्य सांगितलं, नेहमीच्या अभिमानानं. तूप किती, लसूण किती, आणि आंबटाचा थेंब नाही, हिरवं पान नाही.

"लिंबू? आवळा? संत्रं?"

"कार्तिकापासून एक फोड लागू दिली नाही, बाई."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या नाहीत. "तुमचं तूप, डिंक, शेक, सगळं चांगलं होतं," त्या म्हणाल्या. "पण आंबट फळात आणि हिरव्या भाजीत विटामिन सी असतं. ते शरीर स्वतः तयार करत नाही, रोज पोटात जावं लागतं. महिनोन्‌महिने मिळालं नाही तर हिरड्या सुजतात, रक्त येतं, डाग पडतात."

गोदावरीबाईंनी सुनेच्या हाताकडे पाहिलं. "म्हंजे हे मीच केलं."

"तुम्ही जपायला गेलात. सगळेच असं करतात."

त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. विटामिन सी होतंच, शिवाय त्याच गोळीत संत्र्या-लिंबाच्या सालीतून काढलेला एक पदार्थ होता. "हा रक्तवाहिन्यांना बळ देतो असं औषधवाले सांगतात," त्या म्हणाल्या. "किती देतो ते अजून पक्कं ठरलेलं नाही. खरं काम विटामिनचं. पण फळात दोन्ही एकत्रच असतात, म्हणून संत्रं खाताना फोडीवरचं पांढरं सोलून टाकू नका. आणि डाग गेले की गोळ्या बंद. पुढे ताटातूनच मिळालं पाहिजे."

लेकराचं काय, असं गोदावरीबाईंनी विचारलं. आईच्या खाण्यातल्या आंबटानं छाती भरत नाही, चुलीच्या धुरानं भरते, पोरीची खाट चुलीपासून दूर हलवा, असं उत्तर मिळालं.

स्टँडवर धनीरामनं संत्री घेतली. बहिणीला सोलून देताना सवयीनं पांढरे धागे काढू लागला, तर गोदावरीबाईंनी त्याचा हात धरला. "डॉक्टरीण काय बोलली? राहू दे ते." रुखमिणीनं पहिली फोड तोंडात घातली. हिरड्यांना झोंबलं असावं, डोळ्यांत पाणी आलं, पण ती खात राहिली.

परतीच्या एसटीत धनीराम त्यांच्या शेजारी बसला. म्हणाला, "मावशी, गावात सांगून देऊ, बिमारी होती म्हनून. तुमच्यावरचा आळ जाईन. पथ्याचं कायले काढता?"

गोदावरीबाई माझ्या पोटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आनि हिले काय खाऊ घालू? तेच?"

सकाळी त्या तलावावर गेल्या. बायका गप्प झाल्या, पण या वेळी त्यांनी गप्प राहू दिलं नाही. धुण्याचं गाठोडं खाली ठेवून उभ्या राहिल्या. "रुखमिणीच्या अंगावरचे डाग मारल्याचे नाहीत. पन ते माह्यामुळंच पडले. मी तिचं आंबट तोडलं, भाजी तोडली, तिचं रक्त कमजोर झालं. डॉक्टरणीनं सांगितलं. आजपासून माह्या हाताखालच्या बाळंतिणीले निंबू भेटन, भाजी भेटन. ज्याइले पटत नसन त्याइनं मले बलावू नये."

माझ्या सासू सुशीलाबाई तिथंच होत्या. त्यांना राग आला. "मंग आपल्या आयाबाया खुळ्या होत्या काय?"

"खुळ्या नव्हत्या. सव्वा महिना पाळत, मंग सारं खात. म्हनून कोनाचं बिघडलं नाही, आनि कोनाले दिसलं नाही. मी जास्त शहानी, मी कार्तिकापासून चैतापर्यंत पाळलं."

गावात कोणी स्वतःची चूक अशी भर सकाळी, सगळ्यांदेखत सांगताना मी तोवर पाहिलं नव्हतं. आळ तर नुसतं आजाराचं सांगूनही धुतला गेला असता. पथ्याबद्दल गप्प बसल्या असत्या तरी चाललं असतं.

रुखमिणीच्या हिरड्या थोड्याच दिवसांत भरून आल्या. डाग आधी हिरवे, मग पिवळट झाले आणि गेले. गोळ्या संपल्या की टेकचंद शनिवारी भंडाऱ्याहून आणायचा. मृगापर्यंत गोळ्यांची गरज उरली नाही. त्या वर्षी रोवण्याला रुखमिणी सासूच्या शेजारी बांधीत उभी होती, बाह्या वर सारून. तिला डाग झाकायचे नव्हते.

आषाढात मी बाळंत झाले. सुशीलाबाईंनी मला नुसता वरण-भात वाढला. तेवढ्यात गोदावरीबाई आल्या आणि त्यांनी माझ्या वरणावर अर्धं लिंबू पिळलं.

"लेकराले सर्दी झाली तं?" सासूबाईंनी विचारलं.

"झाली तं माह्या दारात आनून ठेवजा. मी पाहीन."

त्या माझ्यासमोर बसून राहिल्या, मी ताट पुसून खाईपर्यंत. माझ्या मुलाला सर्दी झाली नाही असं नाही, पावसाळ्यात सगळ्याच लेकरांना होते. ती दोन दिवसांत गेली. माझ्या धाकट्या जावेच्या वेळी सुशीलाबाईंनीच लिंबू चिरून ठेवलं.

पुढच्या वर्षी पुन्हा धनीराम दारात उभा राहिला. या वेळी त्याची बायको सोबत होती, आठवा महिना लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, ही रीत. त्यानं सासऱ्याला मनवून बायकोला थेट दिघोरीला आणलं होतं. "तुमच्या हातून होऊ द्या मावशी. मले दुसऱ्या कोनावर भरोसा नाही." त्या रात्री त्याच्या ताटात काय वाढू आणि काय नको असं गोदावरीबाईंना झालं होतं.

१९८३ मध्ये टेकचंदला जवाहरनगरला क्वार्टर मिळालं आणि रुखमिणीचं दुसरं बाळंतपण तिथल्या दवाखान्यात झालं. गोदावरीबाई पहिल्यांदाच गाव सोडून महिनाभर राहिल्या. मी त्यांना भेटायला गेले तेव्हा शेजारची तेलुगू बाई बाळाला बघायला आली होती. तिनं लिंबू पिळलेला पिवळा भात आणला होता, पण डबा पुढं करावा की नाही, अशी घुटमळत होती. इकडे बाळंतिणीला आंबट देत नाहीत, हे तिला कोणीतरी सांगितलं होतं.

गोदावरीबाईंनी डबा तिच्या हातातून घेतला. झाकण उघडून वास घेतला आणि अर्धा भात सुनेच्या ताटात काढला. उरलेला स्वतःच्या आणि माझ्या ताटात वाढला.

"माह्या घरी देतात," त्या म्हणाल्या. "बस बाई, तू बी बस. आनि हे कसं करता ते सांग मले. दिघोरीले जाऊन बायाइले शिकवीन."