टाकीवरचा आशीर्वाद

मोटारसायकलच्या टाकीवर सामान ठेवायचं तर खाली गोधडी घालायची, हे कोणीही सांगेल. पण गोधडी आधी झटकायची, हे सांगणारा त्या काळी अख्ख्या कोपरखैरण्यात मी एकटाच. रंग सामानानं जात नाही हो. कापड आणि पत्र्याच्या मध्ये अडकलेल्या रेतीनं जातो. गाडी हादरते, कापड सरकतं आणि खालची कणभर रेती तासन्‌तास घासत बसते. हे ज्ञान मला पुढं फार उपयोगी पडलं. कसं, ते सांगतो.

गाडी काळी होती. नव्वदीच्या सुरुवातीला घेतलेली, पहिली आणि माझ्या नावावरची. तळोज्याला कंपनीत जायचं म्हणजे रस्ताभर डंपर आणि धूळ. पण मी रोज घरी आल्यावर आधी पाण्याचा शिडकावा मारायचो, मग मऊ फडकं. "माझ्यावर एवढी माया केली असतीत तर," असं बायको म्हणायची. म्हणू दे. टाकीत तोंड दिसायचं.

आणि ती गाडी माझ्या साडूनं मागितली. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. ऐरोलीला राहायचे, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे, कायम हसरे. हसऱ्या माणसांचा मला आधीपासूनच संशय. त्यांना तुर्भ्याहून पत्र्याची ट्रंक आणायची होती. पत्र्याची! मी टाकीकडं पाहिलं, पण बायको समोर उभी. नाही म्हणणार कसं? मी गोधडी झटकून, घडी घालून दिली, सायकलच्या ट्यूबची पट्टी दिली, कसं बांधायचं ते दोनदा सांगितलं.

"अहो साडूभाऊ, टेन्शन घेऊ नका," म्हणाले आणि किक मारली.

संध्याकाळी गाडी परत आली. गोधडीची घडी जशी दिली तशीच, मोडलेलीसुद्धा नाही. आणि टाकीच्या माथ्यावर, झाकणाच्या मागं, जिथं ट्रंक ठेवणार बरोबर तिथंच, चांगलं वीतभर लांब लाल रेडियमचं स्टिकर: 'आईचा आशीर्वाद'.

"छोटीशी भेट," साडू म्हणाले. हसत.

मी काय दुधखुळा आहे? मी वरून बोट फिरवलं. मधोमध एक लांब उंचवटा लागला. ओरखडा! ट्रंकेनं रंग खरवडला आणि यानं वर आशीर्वाद चिकटवला. माझ्या मस्तकात तिडीक गेली. स्टिकर तिथल्या तिथं उपटून त्यांच्या हातात द्यायचं, एवढ्यात आई बाहेर आली. दुसरीपर्यंत शिकलेली बाई, एकेक अक्षर लावून वाचलं. मग पदर डोळ्यांना लावला.

"पोटच्या पोरानं कधी माझं नाव कशावर लिवलं न्हाई," ती साडूंना म्हणाली. "जावयानं लिवलं बघा." तिला माझा साडू म्हणजे जावईच.

झालं. आता ते काढायचं म्हणजे आईचा आशीर्वाद माझ्याच हातानं उपटायचा. तिनं शेजारणींना आणून दाखवलं. गाडी धुताना ती खिडकीत उभी राहून सांगायची, "तिथं जपून रे." आणि मी ते स्टिकर रोज पुसायचो. वरून पुसायचो आणि खाली ओरखडा आहे हे मनात घोळवायचो. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "दाजी तसे नाहीत." नाहीत कसे? केसानं गळा कापणारी माणसं अशीच गोड असतात.

तीन वर्षं मी वाट पाहिली. मग साडूंनी स्वतःची गाडी घेतली, चेरीच्या रंगाची. जत्रेला साताऱ्याकडं गावी जायचं होतं. मागं बायको, म्हणून बॅग टाकीवर. आणि बांधून घ्यायला कोणाकडं आले? माझ्याकडं!

"तुमच्यासारखं कोणाला जमत नाही," म्हणाले.

आमच्या शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू होतं, रेतीचा ढीग पडलेला. साडू वर चहा घेत होते. मी तीच गोधडी घेतली, ढिगावर पसरली, तळहातानं दाबली आणि उचलली. झटकली नाही. ती टाकीवर घातली, वर बॅग, वर ट्यूबची पट्टी करकचून. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. जशास तसं. साडू खाली आले, बॅग हलवून पाहिली, म्हणाले, "वा! जागची हलत नाही." गाडी वळणापार जाईपर्यंत मी हात हलवत उभा होतो.

पाच दिवसांनी ते आले. चेरीच्या रंगाची टाकी माथ्यावर राखेनं घासलेल्या भांड्यासारखी पांढुरकी झाली होती. मी चेहरा पाडून "अरेरे" म्हणालो. मनात म्हणालो, आता कळलं?

"माझीच चूक," साडू म्हणाले. "वाटेत चहाला थांबलो तेव्हा गोधडी खाली ठेवली. तुम्ही एवढं सांगितलेलं, मीच झटकायला विसरलो." मग खिशातून पाकीट काढलं. आत लाल रेडियम. "तुमच्या वेळी जोडीच घेतली होती. एक माझी गाडी येईल तेव्हा लावू म्हणून ठेवलेलं." आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या पांढऱ्या डागावर 'आईचा आशीर्वाद' चिकटवलं.

"बघ," मी बायकोला म्हणालो, "चोरानं साठाच करून ठेवला होता."

पुढं उन्हानं माझं स्टिकर फाटलं. 'आईचा' गेलं, नुसतं 'आशीर्वाद' उरलं. एका रविवारी आईच म्हणाली, "काढ की ते. किती घाण दिसतंय." इतक्या वर्षांनी, इतक्या सहज! मी रॉकेलचा बोळा घेतला, कड भिजवली, हळूहळू सोललं.

खाली ओरखडा नव्हता. उंचवटा म्हणजे स्टिकरला पडलेली सुरकुती होती. बाकी टाकी एव्हाना उन्हानं विटलेली, पण तो वीतभर तुकडा शोरूममधून आणल्यासारखा काळाभोर. त्यात माझं तोंड दिसत होतं.

"उगाच शिव्या घातल्यात दाजींना," बायको म्हणाली.

"मग न विचारता लावलं कशाला?" मी ओरडलो. बराच वेळ ओरडत होतो. ट्रंक त्यांनी कशी नेली, टाकीवर ठेवलीच नव्हती का, हे साडूंना विचारता आलं असतं. पण विचारायचं तर आधी रेतीचं सांगावं लागलं असतं.

पुढच्याच महिन्यात ते आले. त्यांच्या स्टिकरचीही एक कड सुटली होती.

"तुम्ही काढलंत वाटतं," माझ्या टाकीकडं बघत म्हणाले. "मीही काढू का हो आता?"

"नको, राहू द्या," मी म्हणालो आणि ती सुटलेली कड अंगठ्यानं परत दाबून बसवली.