ज्वारीच्या अक्षता आणि दोन लेन्स

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला, पंक्चरच्या दुकानाला लागून कल्याणचा फोटो स्टुडिओ आहे. शाळेत शिकवून सुटलो की मी तिथे जाऊन बसतो, चहा पितो आणि न मागता सल्ले देतो. हा माणूस अकरा वर्षं लग्नांचे फोटो काढतोय, तरी गावाला तो 'फोटोवाला' आणि जालन्याहून येणारा तो 'फोटोग्राफर'. मला याचा संताप येतो. कल्याणला येत नाही, म्हणून जास्तच येतो.

गाव त्याला 'फोटोवाला' म्हणतं, याला कारण त्याची लेन्स. कॅमेरा नावाजलेल्या कंपनीचा, पण लेन्स थर्ड पार्टी, म्हणजे त्या कॅमेऱ्याला बसेल अशी दुसऱ्याच कंपनीने केलेली. फोटो छान येतात, फोकस मात्र जरा रेंगाळतो.

गेल्या उन्हाळ्यात मोसंबीचे बागायतदार काकासाहेब स्टुडिओत आले. थोरल्या मुलीचं, अर्पिताचं लग्न ठरलं होतं. चष्मा वर करून त्यांनी लेन्सवरचं नाव वाचलं.

"कॅमेऱ्यावर एक नाव, लेन्सवर दुसरंच. डुप्लिकेट वापरून राह्यला का रे?"

"डुप्लिकेट न्हाई काका, थर्ड पार्टी म्हणत्यात."

"काहीबी म्हणू दे. पाव्हणे मोठे हायेत. कंपनीची असंल तर बोल, न्हाईतर जालन्याचा माणूस सांगतो."

हे लग्न हातचं गेलं तर पंचक्रोशीतली मोठी लग्नं कायमची गेली, हे कल्याणला पक्कं ठाऊक होतं. जुन्या जालन्यातल्या राधेश्याम या मित्राने कंपनीची लेन्स चार दिवस वापरून बघायला दिली. "यात सगळं आपोआप होतं," राधेश्याम म्हणाला. "घेऊनच टाक," मीही म्हणालो. मला लेन्समधलं काय कळतं, हे मला कुणीच विचारलं नाही.

लग्नाच्या दिवशी कल्याण ती लेन्स लावून स्टेजवर, आणि त्याची पिशवी सांभाळत मी शेजारी. आमच्याकडे अक्षता ज्वारीच्या, रंगवलेल्या. आणि आमची माणसं त्या टाकत नाहीत, मारतात. पहिलं मंगलाष्टक संपलं, चहूकडून ज्वारी उडाली, कल्याणने बटण दाबलं आणि स्क्रीन बघून त्याचा चेहरा पडला. हवेतला पिवळा दाणा अगदी लखलखीत, नवरी धुक्यात! दुसऱ्या मंगलाष्टकाला तेच. तिसऱ्याला नवरदेवाच्या नाकासमोरचा दाणा. ती लेन्स इतकी चपळ, की आडवं येईल ते पकडत होती.

जुन्या लेन्सचा फोकस वेळेत पोचत नाही, म्हणून कल्याण अक्षता पडायच्या आधीच तो हाताने नवरीवर लावून ठेवायचा. नवीनवरही ते जमलं असतं. पण 'आपोआप' ऐकून त्याने हाताने फोकस लावायचं बटण कुठे आहे हेसुद्धा बघितलं नव्हतं. दोष लेन्सचा नव्हता, सल्ले देणाऱ्या आम्हा दोन शहाण्यांचा होता.

शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं. अंतरपाट एकदाच दूर होतो, पुन्हा धरा म्हणून कुणाला सांगणार?

"सर, पिशवी! जल्दी!" कल्याण ओरडला. सगळ्या पाहुण्यांच्या देखत, स्टेजवर उभ्याउभ्या त्याने लेन्स बदलली. काकासाहेबांनी ते बघितलं असेल, या भीतीने मी मान वर केली नाही.

आठ दिवसांनी काकासाहेब अल्बम न्यायला आले. पानं उलटता उलटता एका फोटोवर त्यांचा हात थांबला. अंतरपाट दूर झालेला, हवेत ज्वारीच ज्वारी. अर्पिता नवऱ्याकडे न बघता स्टेजच्या कडेला उभ्या असलेल्या वडिलांकडे बघतेय, आणि वडील मुठीतल्या अक्षता टाकायच्या विसरून तिच्याकडे.

"बघा सर," घसा खाकरून काकासाहेब म्हणाले, "कंपनीची ती कंपनीची."

मी कल्याणला डोळ्यांनी खुणावलं, गप्प बस. पण तो कधी माझं ऐकतो?

"काका, खोटं न्हाई बोलत. ह्यो माह्या जुन्या लेन्सचा हाये. कंपनीची मला बराबर जमली न्हाई, मी राधेश्यामला वापस करून आल्तो."

मी चहाचा कप खाली ठेवला. काकासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि पुन्हा तोच फोटो बघत राहिले.

"धाकटीचं दिवाळीनंतर करायचं हाये," ते शेवटी म्हणाले. "लेन्स कोणचीबी आण. पण तू सोता ये, दुसऱ्या कुणाला धाडू नको."